याडीची मशीन कंपनीनं परत मागवली तेव्हा

माझी आई झोपेत घोरायची, आणि तिचं घोरणं आमच्या अख्ख्या तांड्याला ठाऊक होतं. पुसदच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी आमचा तांडा. घराला घर लागून. उन्हाळ्यात सगळे अंगणात खाटा टाकून झोपणार, तिथे कुणाचं काय लपून राहणार? सकाळी हापशीवर बायका मला म्हणायच्या, "काल तुह्या याडीचा ट्रॅक्टर लय दूरवर गेलता वो!" याडी म्हणजे आई. ती स्वतः पदर तोंडाला लावून हसायची. मी मात्र तिथल्या तिथे भांडायला उभी राहायची. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. पुसदला राहते, तिथल्या शाळेत शिकवते, रविवारी तांड्यावर येते; शाळेतली पोरंही हेच म्हणतात.

आम्ही बंजारा, घरात आमची गोरबोलीच बोलतो. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर निम्म्या वाचकांना कळायची नाही, म्हणून याडीचं बोलणं ती बाजारात बोलते त्या वऱ्हाडीतच लिहिते.

घोरण्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. भीती वाटायची ती घोरणं थांबलं की. चालता चालता आवाज एकदम बंद व्हायचा, छाती हलायची पण वारा आत जायचा नाही, आणि मग दचकून मोठ्ठा श्वास. माझे वडील, त्यांना आम्ही बा म्हणतो, खाटेशेजारी काठी ठेवून झोपायचे. आवाज थांबला की काठीनं तिला ढोसायचे. दिवसा ती कुठेही पेंगायची. तूर पाखडताना सूप हातात तसंच राहायचं. कशिदा काढताना सुई बोटात आणि मान खाली. सकाळी डोकं ठणकायचं, पाय सुजायचे. लोक म्हणायचे वय झालं. मी म्हटलं वय गेलं खड्ड्यात, आणि तिला यवतमाळला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि समजावून सांगितलं. झोपेत हिचा गळा मिटतो, श्वास अडतो, त्यात जन्मभर चुलीच्या धुरानं छाती कमजोर झालेली. रात्रभरात शरीरातली खराब हवा नीट बाहेर पडत नाही, साचते. औषधाच्या गोळीनं हे जाणार नाही. एक मशीन रोज झोपताना लावायची, ती नळीतून नाकातोंडात हवा ढकलते आणि गळा उघडा ठेवते.

"किती दिवस?" याडीनं विचारलं.

"रोज. कायमची, मावशी."

मशीन घरी आली त्या दिवशी बांनी तो मास्क पट्ट्यांसकट उचलून पाहिला आणि म्हणाले, "हे तं मुसकं हाय. बैलाले बांधतात तसं." झालं. दुसऱ्या दिवशी तांड्यात तोच विनोद. पीक खाऊ नये म्हणून बैलाच्या तोंडाला बांधतात ते मुसकं आता माझ्या आईच्या तोंडाला. याडीनं मास्क पेटीत टाकला आणि हात लावेना. मी बांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण याडीनं तिच्या पद्धतीनं मार्ग काढला. तिनं पेटीच्या तळातून लाल कापड, रंगीत दोरे आणि आरसे काढले. डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्यांवर बारीक कशिदा भरला. मशीन दिवसा झाकायला एक झाकण शिवलं, त्याला कवड्यांची झालर. मग बांच्या पुढ्यात बसून तिनं तो मास्क लावला आणि म्हणाली, "मुसकं नाई हे. दागिना हाय माहा." त्यानंतर मुसकं हा शब्द आमच्या घरात कुणी काढला नाही. महिनाभरात ती दिवसा पेंगायची थांबली. टेकडी चढून पळसाची पानं तोडून आणायला लागली, तीज सणाच्या गाण्यांना पोरींमध्ये जाऊन बसायला लागली. घोरणं गेलं, मशीनची बारीक घरघर तेवढी राहिली. आता त्या घरघरीशिवाय बांना झोप येत नव्हती. काठी गोठ्यात गेली.

डॉक्टरांनी हे पाहिलं आणि एक सोय लावून घेतली. मास्क सहन होत नाही, कोंडल्यासारखं होतं असं जो कुणी म्हणे, त्याला ते दवाखान्यातल्या बाकावर याडीच्या शेजारी बसवत. अशी तिची तीन माणसं झाली, तिघांची मशीन आमच्यासारखीच. बाभुळगावच्या एक काकू, घरची कापसाची आणि तुरीची शेती, हातात कायम पिशवी. पांढरकवड्याचा एक ट्रकवाला, नागपूर-हैदराबाद रस्त्यावर आयुष्य काढलेला. एकदा स्टेअरिंगवर डोळा लागून त्याचा ट्रक कापसाच्या वावरात घुसला होता, तेव्हा कुठे तो डॉक्टरकडे आला. आणि पुसदचे एक निवृत्त गुरुजी. गुरुजींनी उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकलं नसेल, पण याडीपुढे ते पाटी घेऊन बसलेल्या पोरासारखे बसायचे.

ती त्यांना शिकवायची. पट्टी किती आवळायची, मास्क रोज साबणाच्या पाण्यानं कसा धुवायचा, पहिल्या दिवशी दिवसाउजेडी बसल्या बसल्या लावून कशी सवय करायची. आणि डॉक्टरांनी न सांगितलेलं एक कामही तिनं त्यांना शिकवलं. दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुतो, विळे-कुऱ्हाडी धुतो, हळदकुंकू लावतो. मग जी मशीन रोज जीव वाचवते तिला का नाही? म्हणून दर दसऱ्याला याडी मशीन ओल्या फडक्यानं वरून, खालून, पोटाकडून घसघशीत पुसायची, खोबरेल तेल चोळायची, हळदीकुंकवाची बोटं ओढायची आणि नारळ फोडायची. काकूंनी तेच केलं. गुरुजींनी तेच केलं. ट्रकवाल्यानं तर वर लिंबूमिरचीही बांधली.

अशी घडी छान बसली होती. मग एका श्रावणात आम्ही मशीन पिशवीत घालून तपासणीला गेलो आणि डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुमच्या मशीनबद्दल आज बोलायचं आहे. कंपनीनं या जातीच्या मशीनी परत मागवल्या आहेत."

मला वाटलं, परत मागवल्या म्हणजे हप्ता वगैरे काही भानगड. तसं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, मशीनचा आवाज कमी व्हावा म्हणून आत स्पंजसारखा फोम बसवलेला असतो. उष्णतेनं आणि ओलाव्यानं तो काही मशीनींमध्ये झिजून सुटतो. त्याचे काळे कण किंवा त्याचा वास श्वासाबरोबर छातीत जाऊ शकतो. त्यातून अपाय होऊ शकतो. प्रत्येक मशीनमध्ये होतंच असं नाही, आणि बाहेरून पाहून नेहमी कळतंही नाही.

इतकी वर्षं रोज रात्री आम्ही तिच्या नाकात काय ढकलत होतो? मी डॉक्टरांवर, कंपनीवर, सगळ्या जगावर एकदम तोंड सोडणार होते. त्याआधी याडी बोलली.

"थे समदं समजलं, साहेब. आज घरी गेल्यावर लावू का नको लावू, थे सांगा."

आजवर किती मोठमोठ्या माणसांची बोलणी ऐकली, पण इतका नेमका प्रश्न मी ऐकला नव्हता. डॉक्टर मग म्हणाले, "तुम्ही लावायची. तुमचा आजार जुना आहे आणि मोठा आहे. मशीन काढली तर तुमचं काय होतं ते मी आधी पाहिलंय; त्याचा धोका मला नक्की माहीत आहे. फोमचा धोका आहे, पण तुमच्या बाबतीत बंद करण्याचा त्याहून मोठा आहे. नवी येईपर्यंत लावत राहा. एखाद्याचा आजार हलका असेल तर त्याला मी वेगळं सांगेन. म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या डॉक्टरला विचारायचं, शेजाऱ्याला नाही." मग त्यांनी बजावलं: नळीत काळे कण दिसले, वेगळा वास आला, नवा खोकला किंवा डोकेदुखी सुरू झाली तर लगेच यायचं. मशीन उन्हात ठेवायची नाही, आणि काहीही झालं तरी आपल्या हातानं उघडायची नाही. कंपनीकडे नंबर नोंदवला की बदलून मिळेल.

तिथून आम्ही तडक मशीन विकणाऱ्याच्या दुकानात गेलो. पंख्याखाली बसला होता. मी विचारलं, "कंपनीनं मशीनी परत मागवल्यात, तुम्हाला माहीत होतं?"

"हो, मेसेज आलता मांगं. सांगणारच होतो."

"कधी सांगणार होता? तेराव्याला?"

माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण समोरचा चहावाला पाहायला आला. याडीनं माझा हात दाबला आणि पिशवीतून मशीन काढून काउंटरवर ठेवली. दुकानदारानं कवड्यांचं झाकण बाजूला सारलं, मशीन उलटी केली, आणि पोटाकडे पाहिलं.

"नंबर कुठाय?"

तिथे स्टिकर असायला हवं होतं. एक पिवळट चिकट चौकोन होता, त्यात हळद मुरलेली. अक्षर एकही नाही. वर्षानुवर्षांच्या दसऱ्यांनी, ओल्या फडक्यांनी आणि खोबरेल तेलानं मशीनचं नाव आणि नंबर स्वच्छ पुसून टाकला होता.

"नंबर नाई तं कंपनी मानत नाई, बाई. कोणाची मशीन, कवाची, कसं समजन?" दुकानदाराला आता जरा धीर आला होता.

याडीचा चेहरा असा उतरला की मला ते बघवेना. तिनं त्या चौकोनावरून बोट फिरवलं. "म्याच धुतला," ती म्हणाली. आणि लगेच दुसरं वाक्य, जास्त घाबरून, "त्या तिघायले बी म्याच सांगतलं धुवाले."

मी तिथेच उभी राहून कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. आधी गाणं लागलं. मग पुन्हा गाणं. दुकानदार म्हणाला, "कोणी उचलत नाई तिथं." मी म्हटलं, आज उचलतील. मी शाळेत पोरांना उभं करते, आज स्वतः उभी राहीन. शेवटी एका मुलीनं उचलला, बिचारी गोड बोलत होती. मी सगळं सांगितलं, दसऱ्यासकट. ती हसली नाही. म्हणाली, स्टिकर गेलं असलं तरी नंबर मशीनच्या आत राहतो. मशीन चालू करा, पडद्यावर मशीनच्या माहितीचं पान उघडा. तिनं एकेक बटण सांगितलं, मी दाबत गेले, याडी श्वास रोखून पाहत होती. आणि पडद्यावर तो लांबलचक नंबर आला. मुलीनं तपासून सांगितलं, हो, ही त्याच यादीतली आहे. नोंद झाली. बदली मशीन कधी येईल ते मात्र तिला सांगता येणार नव्हतं.

दुकानाबाहेर आल्यावर मी पुसदच्या बसकडे निघाले. याडी हलेना.

"त्याईले सांगा लागन."

"घरी जाऊन फोन करू."

"आत्ता कर."

काकूंनी फोनवरच रडायला सुरुवात केली. याडीनं त्यांना आधी पाणी प्यायला लावलं, मग सांगितलं की डॉक्टरला विचार, नंबर असा असा काढ, सुनेला बटणं दाबायला लाव. गुरुजींनी सगळं उतरवून घेतलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. ट्रकवाल्यानं ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसला. "एवढंच व्हय? मावशी, मी आत्ताच खोलतो अन् फोम काढून फेकतो."

याडी मला म्हणाली, "पांढरकवड्याची गाडी कोणत्या फलाटावर लागते?"

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ट्रकवाल्याच्या ओट्यावर मशीन उलटी पडली होती, शेजारी वाटीत काढलेले स्क्रू, हातात त्याचा पेचकस. सुदैवानं शेवटचा स्क्रू अडून बसला होता. याडी त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि वाटी आपल्या मांडीवर घेतली.

"मावशी, तुमाले मशिनीचं मले सांगता का?" तो म्हणाला. उद्धटपणे नाही, लाडानं. "सायलेन्सरमंधी बी असंच भरलेलं राह्यते. जळलं की आपण काढून फेकतो. गाडी जराशी बोंबलते, पण चालते."

"गाडीचा धूर बाहीर जाते रे बापा," याडी म्हणाली. "याचा वारा तुह्या छातीत जाते. तू आतमंधी हात घालशीन, आणखी तुकडे पाडशीन, अन् कंपनी म्हणन उघडली होती, आम्ही घेत नाई. मंग?"

त्यानं पेचकस खाली ठेवला. मग म्हणाला, "तं मंग बंदच ठेवतो. बिनमशिनीचा मेलो नव्हतो."

दारातून त्याची बायको बोलली, "याईले परवा हैदराबादले खेप न्यायची हाय."

कापसाच्या वावरात घुसलेला ट्रक आम्हा सगळ्यांनाच आठवला असणार. याडीनं वाटीतले स्क्रू त्याच्या हातावर ओतले आणि ज्या वाक्याचा मला आजही अभिमान वाटतो ते वाक्य बोलली.

"मशीन खराब निघाली. इलाज नाई निघाला खराब."

त्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही लावसान का पण? खरं सांगा. लोकायले सांगणं सोपं हाय."

"हाव. मी लावतो. रोज सकाळी फोन करून इचार मले." वऱ्हाडी बोलताना ती जोशात आली की 'लावते'चं 'लावतो' होतं.

मी डॉक्टरांना फोन लावून त्याच्या हातात दिला. त्यांनी त्यालाही लावतच राहा म्हणून सांगितलं, आणि ज्या दिवशी लावली नसेल त्या दिवशी स्टेअरिंगला हात लावायचा नाही म्हणून दम भरला. त्यानं आमच्यासमोर स्क्रू बसवले. परतीच्या गाडीत याडी मशीन मांडीवर घेऊन ताठ बसली होती. मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं. ही बाई अंगठा उठवते. आणि आज तिनं एका माणसाला रस्त्यावर मरण्यापासून परत आणलं होतं.

त्यानंतर वाट पाहणं सुरू झालं. रोज सकाळी आमच्या घरी फोन वाजायचा. आधी ट्रकवाला, कधी वाटेतल्या धाब्यावरून. मग काकू. गुरुजी सर्वांत शेवटी, कारण त्यांची पूजा असायची. प्रश्न सगळ्यांचा एकच, "लावली का?" आणि याडीचं उत्तर, "लावली. तू?" एवढं झालं की फोन बंद. बा म्हणायचे, "हे तं मंत्रालय झालं घराचं." पण फोन वाजायच्या आधी तेच तो उशाशी आणून ठेवायचे.

तांड्यात मात्र बातमीला पाय फुटले. विषाची मशीन आहे म्हणे, कंपनीनंच कबूल केलं म्हणे. हापशीवर याडीच्या जाऊबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "विष हाय हे माहीत असून काहून लावतं वो? जीव वर आला काय?" याडीनं घागर खाली ठेवून तिला अख्खं समजावून सांगितलं, फोम काय, धोका काय, डॉक्टर काय म्हणाले. जाऊबाईंना ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण ज्या शांतपणे ती बोलली ते मला जन्मात जमणार नाही.

बांना पटलं नव्हतं. एक दिवस संध्याकाळी मशीन जागेवर नाही. याडीनं खाटेखाली पाहिलं, कोठीमागे पाहिलं. मग ती बांकडे वळली. बा छपराकडे पाहत होते.

"कुठं ठेवली?"

"मले काय ठाव?"

याडी भांडली नाही. खाटेवर बसली आणि म्हणाली, "बरं. मी आज झोपतच नाई. बसून राह्यतो." बांनी मग उठून सोयाबीनच्या बारदान्यातून मशीन काढून आणली आणि म्हणाले, "उंदरायनं नेली असन." ही हकिकत मला बांनीच सांगितली. "मले वाटलं, हिच्या छातीत माह्या डोळ्यादेखत घाण जाऊन राह्यली," ते म्हणाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मुसकं म्हणणारा हा माणूस किती घाबरलेला आहे. मी त्यांच्यावर चिडले नाही, हीच मोठी बातमी.

दसरा आला. ट्रॅक्टर धुतला गेला, विळे धुतले गेले. मशीनला याडीनं कोरड्या फडक्यानं पुसलं आणि वरून फक्त कुंकवाचं एक बोट लावलं. आदल्या दिवशी तिनं तिघांनाही तसंच करायला फोनवर सांगितलं होतं. गुरुजींनी विचारलं, नारळ चालेल का? याडी म्हणाली, नारळ चालन, पाणी मशिनीवर नका उडवू.

मी दर आठवड्याला शाळेतून कंपनीला फोन करायची. "आपली विनंती प्रक्रियेत आहे" हे वाक्य ऐकून ऐकून माझं डोकं फिरायचं. शिक्षकांच्या खोलीत माझा फोन सुरू झाला की बाकीचे चहाचे कप घेऊन व्हरांड्यात जायचे. काकूंची नवी मशीन दिवाळीआधी आली. मग गुरुजींची. मग ट्रकवाल्याची, त्यानं तिला हार घालून फोटो पाठवला. ज्या बाईनं सगळ्यांत आधी नंबर नोंदवला, तिचीच येईना. मी हेल्पलाइनच्या वरच्या साहेबाशी बोलले, त्याच्या वरच्याशी बोलले, लेखी तक्रार केली, ग्राहक मंचात जाईन म्हटलं. ते सगळं ऐकून याडी म्हणायची, "त्याईच्या आल्या ना? मंग झालं." ती इतकी निवांत होती की मला तिचाही राग यायचा. शाळेत मी सगळ्यांना अभिमानानं सांगत असे, माझी आई भीत नाही. तिला भीती ठाऊकच नाही.

आणि तिघांचे फोन? ते थांबले नव्हते. त्यांच्या मशीनी बदलल्या होत्या, तरी रोज सकाळी विचारायचे, "लावली का?" आता ते तिच्यासाठी विचारत होते.

कापसाची शेवटची वेचणी चालू होती तेव्हा खोकं आलं. रविवार होता, मी तांड्यावरच होते. माणसानं नवी मशीन दिली, जुनी ताब्यात घेतली. मी खोक्यावरचा आणि मशीनवरचा नंबर ताडून पाहिला, त्याचा फोटो काढून ठेवला. याडीनं मास्क नव्या नळीला जोडला, भर दिवसा खाटेवर बसून चालू केली, डोळे मिटले आणि थोडा वेळ नुसता वारा घेतला. मग मास्क काढून मांडीवर ठेवला.

"आता भेव गेलं," ती म्हणाली.

"कशाचं भेव?"

"कशाचं म्हणजे? रोज झोपतांनी पट्टी आवळली की वाटे, आज काय जाईन आतमंधी. पह्यला श्वास घेवाच नाई वाटे. डोये मिटून घेवो मी."

इतके महिने, रोज. आणि रोज सकाळी फोनवर तिचा तो खणखणीत आवाज.

"मग मला का नाही सांगितलंस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुले सांगतलं असतं तं तू त्याच दिवशी भांडून बंद करवली असती," याडी म्हणाली. "मी बंद केली असती तं त्या तिघायनं बी केली असती. थो डायवर रोज इचारे, लावली का. त्याले खोटं कसं सांगू? म्हणून रोज लावो मी."

मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. मला तिचा अभिमान वाटला, आणि मनातल्या मनात मी तिच्यावर रागावलेही होते, कारण इतके महिने ती एकटी भ्यायली आणि आम्हाला कुणाला कळलं नाही. शाळेत सांगत होते ते चुकीचं होतं. माझी आई भीत होती, रोज भीत होती, आणि रोज मास्क लावत होती.

ती म्हणाली, भूक लागली, भाकर वाढ. मी उठले आणि ताट घेतलं.